आमची जांभूळ कुठली?

बोईसरला आले तेव्हा मला इथलं काहीच आवडलं नव्हतं. हवा चिकट, वाळत घातलेले कपडे संध्याकाळीही दमट, आणि कारखान्यांकडून वारा आला की भराभर खिडक्या लावून घ्यायच्या. आम्ही मूळचे वाशीमकडचे. नवऱ्याला इथे औषधांच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून आलो. मग कधीतरी उन्हाळ्यात स्टेशनच्या रस्त्यावर, रेल्वेच्या भिंतीशी, मला ती जांभूळ दिसली. तिच्या सावलीत भाजीवाल्या बसायच्या आणि त्यांच्या काकड्यांवर, मेथीवर जांभळं टपाटप पडायची. भाजीवाल्या वैतागायच्या आणि आम्ही ती उचलून पदराला पुसून तोंडात टाकायचो.

आम्ही म्हणजे मी आणि शेजारच्या काकी. काकी चिंचणीच्या. तिथे त्यांची चिकूची आणि नारळाची वाडी, ती आता दीर बघतात. मुलाने बोईसरला फ्लॅट घेतला म्हणून काकी तिसऱ्या मजल्यावर येऊन पडल्या, असं त्या स्वतःच सांगायच्या. गॅलरीत कुंड्यांमध्ये अळू आणि मिरच्या लावलेल्या. शिवाय इमारतीतल्या प्रत्येकाला कुठल्या झाडाला काय घालायचं हे न विचारता सांगण्याचं काम त्यांनी आपणहून घेतलेलं.

श्रावणात बातमी आली की रेल्वेचे नवे रूळ पडणार, भिंत मागे सरकणार आणि मधली झाडं जाणार. तोडणार नाहीत, मुळासकट उचलून दुसरीकडे लावणार, असं कोणीतरी म्हणालं. काकींना ते पटेना.

"एवढं मोठं झाड काय वांग्याचं रोप हाय, उपटला आणि लावला?"

पण खरंच एका सकाळी क्रेन आली. माणसांनी आधीच झाडांभोवती खड्डे खणून मुळांचे गोळे गोणपाटात बांधून ठेवले होते. फांद्या छाटल्या, कापलेल्या टोकांना निळसर औषध फासलं, खोडंही गोणपाटाने वरपर्यंत गुंडाळली. आमची जांभूळ उचलली तेव्हा काकींनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली. झाड ट्रेलरवर आडवं झालं. लोक मोबाइल वर धरून उभे होते.

"कुठं नेताय?" काकींनी सुपरवायझरला गाठलं.

"एमआयडीसीच्या अलीकडे मोकळी जागा आहे ना काकी, तिथे."

ट्रेलर हलला. काकींनी सरळ हात करून रिक्षा थांबवली आणि मला आत ढकललं.

"कुठे जायचंय?" रिक्षावाल्याने विचारलं.

"त्या झाडाच्या मागं."

"कुठल्या झाडाच्या?"

"अरे, ते काय चाललंय समोर!"

रिक्षावाल्याने एकदा आमच्याकडे, एकदा समोर पाहिलं आणि बिचाऱ्याने किक मारली. थोडा वेळ मजा आली. पुढे झाड, मागे आम्ही. पण कारखान्यांची पाळी सुटायची वेळ होती. कंपन्यांच्या बसगाड्या एकामागून एक वळल्या आणि आम्ही मध्ये अडकलो. ट्रेलर दिसेनासा झाला. काकी रिक्षातून अर्ध्या बाहेर वाकून बसवाल्यांना हातवारे करत होत्या.

जागेवर पोचलो तर ट्रेलर परत निघालेला आणि आधीच्या खेपांची धरून बरीच झाडं खड्ड्यांमध्ये उभी. सगळी सारखीच. पानं नाहीत, फांद्या नाहीत, अंगभर गोणपाट. क्रेनवरच्या माणसाला विचारलं तर तो म्हणाला, "आम्हाला काय माहीत काकी, आम्ही फक्त उचलतो आणि ठेवतो."

काकींनी एक फेरी मारली, मग कुंपणाच्या भिंतीजवळच्या एका झाडावर हात ठेवला.

"ही आपली."

"नक्की?"

"बाय, आमी वाडीतली माणसं. मला नको शिकवू."

मी कशाला शिकवू? मला तर पानं असतानाही फक्त कडुनिंब ओळखता येतो.

पाऊस ओसरला तसा पाण्याचा टँकर कधी यायचा, कधी नाही. मग आम्हीच जाऊ लागलो. दुपारची जेवणं उरकली की दोन कॅन घेऊन शेअर रिक्षा. तिथल्या हातपंपावर कॅन भरायचे आणि झाडाच्या बुंध्याशी ओतायचे. काकी झाडाशी बोलायच्याही. मुलगा ऐकत नाही, सून फार मोबाइल बघते, असं सगळं. मी ऐकून न ऐकल्यासारखं करायचे, कारण सून माझी मैत्रीण होती.

त्या जागेला लागून कामगारांच्या खोल्यांची एक चाळ आहे. तिथली एक तरुण बाई, नवरा कारखान्यात आणि ही बिहारहून नवीनच आलेली, रोज चाळीजवळच्या झाडाला दोरी बांधून कपडे वाळत घालायची. काकींना ते बघवत नसे.

"ओ बाई, ये सरकारी झाड हाय. इसको दोरी नाय बांधने का."

"जी चाची," ती म्हणायची आणि दोरी सोडायची. दुसऱ्या दिवशी दोरी पुन्हा जागेवर.

दिवाळीच्या आसपास आमच्या झाडाच्या खोडावर तांबूस, लुसलुशीत पालवी दिसली. काकींच्या डोळ्यांत पाणीच आलं. घरी येऊन त्यांनी नारळाचा रस काढून शिरवाळ्या, म्हणजे तांदळाच्या शेवया, केल्या आणि मजल्या-मजल्यावर वाट्या गेल्या. "जांभूळ जगली," असं त्या दारादारात सांगत होत्या. नवऱ्याने दोन वाट्या खाल्ल्या आणि आणखी कुठलं झाड जगणार आहे का, असं विचारलं.

पुढच्या काही फेऱ्यांमध्ये पानं मोठी झाली, हिरवी झाली. एका दुपारी काकी पाणी घालता घालता थांबल्या. एक डहाळी त्यांनी वाकवली. एकाच देठावर समोरासमोर पानं आणि टोकाला एक. त्यांनी एक पान तोडलं, चुरगळलं, नाकाशी नेलं. पुन्हा एकदा हुंगलं.

"काय झालं काकी?"

"करंज हाय."

"म्हणजे?"

"म्हणजे करंज हाय, बाय! जांभूळ नाय!"

मला हसू आवरेना, पण त्यांचा चेहरा बघून मी कॅनचं झाकण लावण्यात गुंतले. मग आम्ही खरी जांभूळ शोधायला निघालो. बरीच झाडं वाळून गेली होती, त्यांना नखाने खरवडलं तरी आत हिरवं नव्हतं. पालवी फुटलेली मोजकीच. एक पिंपळ, एक बहुधा शिरीष. शेवटी चाळीपर्यंत आलो. दोरीवर पेटीकोट, शर्ट, लहान बाळाची झबली, आणि त्यांच्या वर जाड, चकचकीत पानांचे झुबके. गोणपाट गळून पडलं होतं. काकींनी खोडावरून हात फिरवला आणि माझ्याकडे न बघता होकाराची मान हलवली.

तेवढ्यात ती बाई बादली घेऊन बाहेर आली. आम्हाला बघून तिने बादली खाली ठेवली आणि गुमान दोरीची गाठ सोडायला लागली.

"रहने दे," काकी म्हणाल्या. "पानी तू डालती क्या इसको?"

"जी. कपड़ा खंगालने का पानी। फेंकना ही है, तो इधर डाल देते हैं।"

"मालूम हाय कौनसा झाड हाय?"

"नहीं चाची। छाँव हो जाए, बस।"

"जामुन हाय."

"जामुन?" ती एकदम खुलली. तिच्या माहेरी दारात जामुन होतं म्हणे. तिने चाळीतल्या दोघी-तिघींना हाका मारून बोलावलं. आम्हाला खाटेवर बसवलं, चहा केला. काकींनी बाळाला मांडीवर घेतलं आणि शिरवाळ्या कशा करतात ते हिंदीत सांगायचा प्रयत्न केला. त्या बाईला काही कळलं असेल असं वाटत नाही, पण ती मान डोलवत होती.

परतताना रिक्षात काकी म्हणाल्या, "इमारतीत सांगू नको हां."

मी सांगितलं नाही. त्यांनी स्वतःच दुसऱ्या दिवशी सुनेला सांगितलं आणि मग सगळीकडे झालं. कोणी जिन्यात भेटलं की "काकी, करंज काय म्हणतो?" काही दिवस त्यांनी तिकडे जायचं नाव काढलं नाही. मला वाटलं, संपलं. जांभळीची काळजी करायचं कारण नव्हतं आणि करंज काही आमचा कोणी नव्हता.

मग एका दुपारी बेल वाजली. काकी दारात, दोन्ही हातांत रिकामे कॅन.

"चल."

"कुठे?"

"करंजाला पाणी घालायला. आपल्याला बघून पालवला तो. आता मधीच सोडायचा काय?"

असा आमचा परिपाठ पुन्हा सुरू झाला. फरक एवढाच की आधी करंज आणि मग चाळीतला चहा. पुढच्या उन्हाळ्यात ती बाई धाकट्या बहिणीच्या लग्नाला गावी निघाली. जायच्या आदल्या दिवशी तिने आम्हाला जांभळीपाशी नेलं आणि सगळं समजावलं. पाणी सकाळी घालायचं, उन्हात नाही. बुंध्याला लागून ओतायचं नाही, जरा लांब, गोल आळ्यात. आणि दोरी घट्ट बांधायची नाही, साल सोलवटते.

वाडीत जन्म गेलेल्या काकींनी ते सगळं निमूट ऐकून घेतलं. शेवटी त्या म्हणाल्या, "हाव, हाव. तू जा आरामसे. हमको सब समज गया."