बावीस पानांची दहा पानं

मला मुद्द्यावर लवकर येता येत नाही. हा दोष माझा एकटीचा नाही, आमच्या मुलखाचाच आहे. कुकरची रिंग मागायला आलेली शेजारीणसुद्धा आधी पाऊसपाणी, मग लेकीचं बाळंतपण, मग माझी कंबर, अशी सगळी चौकशी करते आणि चहा संपल्यावर, चप्पल घालता घालता रिंग मागते. प्रबंधाचा सारांश मी तसाच लिहिला होता. बावीस पानं! नांदेडच्या माझ्या मार्गदर्शक सरांनी तो तिसऱ्यांदा परत केला, तेव्हा चौथ्या पानावर पेन्सिलीनं विचारलं होतं, ‘बाई, विषयावर कधी येणार?’

विषय होता लातूरच्या डाळ मिलमध्ये डाळ निवडणाऱ्या बायका. सोमवारपर्यंत तो दहा पानांत बसवला नाही, तर नोंदणी रद्द आणि सहा वर्षं पाण्यात. लातूरला परत येताना एसटीत मी सरांना मनातल्या मनात इतकं बोलले, की लातूर कधी आलं ते कळलंसुद्धा नाही.

रविवारी दुपारी सासूबाई सूप घेऊन तुरीची डाळ निवडत बसल्या होत्या. मी शेजारी फतकल मारली आणि मोठ्यानं वाचायला लागले.

“काय वाचून राहिलीस गं?”

“माझंच लिहिलेलं, आत्या. ऐका तुम्ही.”

आमच्याकडं कुणी काही सांगायला लागलं की ऐकणाऱ्यानं हुंकार द्यायचा असतो. नाही दिला तर सांगणाऱ्याचा अपमान. सासूबाई चौथी शिकलेल्या, पण हुंकार देण्यात कुणाला हार जायच्या नाहीत. त्या “मंग?” म्हणाल्या की वाक्य पुढं सरकलं. “कामून?” म्हणाल्या की समजायचं, मी कारण सांगायचं विसरले, तिथं ‘कारण’ लिहून अर्धी ओळ घातली. ‘तथापि’ आला की त्यांचा हात थांबायचा. “काय झालं? बिनसलं का काय?” आणि पुढच्या वाक्यात काहीएक बिनसलेलं नसायचं! असे सतरा ‘तथापि’ मी त्या दुपारी काढून टाकले. ‘सदर बाबीच्या अनुषंगाने असे निदर्शनास येते की’ इथं पोचले, तर त्या उठून दूध बघायला गेल्या. त्या परत येईपर्यंत मी ते अख्खं खोडलं होतं.

मग मला झिंगच चढली. ‘च्या संदर्भात पाहिले असता’ गेलं. ‘एकंदरीतच सर्वसाधारणपणे’ गेलं. कुणाचं काही बिघडलं नाही! वाक्यं धावायला लागली. मी हसायला लागले, त्या हसायला लागल्या, सूप कलंडलं, आणि आम्ही दोघी पोट धरून फरशीवरची डाळ गोळा करत बसलो.

शेवटच्या पानावर लिहिलं होतं, ‘या स्त्रिया वीस-वीस वर्षे डाळीतला खडा नजरेने शोधतात. परिणामी, पन्नाशीतच त्यांना सुईत दोरा ओवता येत नाही.’

हुंकार आला नाही. सूप खाली ठेवून त्या म्हणाल्या, “ते मधलं ‘परिणामी’ काढ.”

“आत्या, तोच तर मुद्दा आहे!”

“मला डाक्टर म्हणला, वयामुळं हाय. तू म्हणतीस, मिलमुळं हाय. मला ठाव न्हाई, तुलाबी न्हाई. दोन्ही खरं हाय ना? मंग दोन्ही शेजारी ठिव. वाचणाराला डोकं असंल की.”

मला राग आला. सहा वर्षं काय मी झोपा काढल्या? मग लाज वाटली. मी गावभरच्या बायकांच्या मुलाखती घेतल्या होत्या. यांनीही वीस वर्षं मिलमध्येच काढलेली, पण यांची कधी घेतली नव्हती, घरचंच माणूस म्हणून. दुपारभर त्या डाळ नजरेनं नाही, बोटांनी निवडत होत्या, हेही मला आत्ता दिसत होतं. ‘परिणामी’ खोडला आणि पुन्हा वाचून पाहिलं. अंगावर काटा आला.

सोमवारी नांदेडला सरांसमोर दहा पानं ठेवली आणि उभी राहिले. ते वाचत गेले. नऊ पानं पेन्सिल हललीच नाही. दहाव्यावर टेकली.

“इथला ‘परिणामी’ कुठं गेला?”

“सासूबाईंनी काढायला लावला, सर. त्या म्हणाल्या, तसं ठाऊक नसताना म्हणू नये.”

“त्यांचा काय संबंध?”

“पहिल्या वाक्यात त्याच आहेत, सर. दुसऱ्यातही त्याच आहेत.”

सरांनी ती दोन वाक्यं पुन्हा वाचली. मग पेन्सिल बाजूला ठेवली, खिशातला पेन काढला आणि सही केली.