निम्म कन्नडी सरी इल्ला

गेल्या वर्षी बाबा नाशिकहून आमच्याकडे एचएसआर लेआउटला राहायला आले, सोफ्यावर बसले आणि बसूनच राहिले. डॉक्टरांनी त्यांची साखर बघून रोज पाऊण तास चालायला सांगितलं होतं. बाबांचं चालणं म्हणजे सोफा ते जेवणाचं टेबल. ते अंतर अकरा फूट आहे.

"बाबा, खाली बाग आहे. एक चक्कर मारून या."

"काय बघू तिथं? सगळे कानात बोंडं घालून पळतात. बोलायला जावं तर माझी भाषा त्यांना येत नाही."

"फोटो काढा."

"कॅमेरा बंद पडलाय. तू तो चालू करून दे, मग मीही चालू होतो."

बाबा कोटी करून मोकळे झाले. मी मात्र तो करार मानला. माझा पेशा हिशेबाचा, त्यामुळे कुणी अट घातली की मला बरं वाटतं.

कॅमेरा फिल्मचा, चाळीस वर्षांपूर्वीचा, वरवंट्यासारखा जड. मोबाइलवर फोटो काढायला बाबांची ना होती, कारण "तो फोन आहे." असे कॅमेरे दुरुस्त करणाऱ्यांचे मला इंटरनेटवर पाच पत्ते मिळाले. दोन ठिकाणी आता मोबाइलची कव्हरं विकतात, एका ठिकाणी मोमो. चौथ्याचा फोन लागेना. पाचवं दुकान जयनगरात होतं आणि चक्क उघडं होतं. आत डोळ्याला भिंग लावलेले एक वयस्क गृहस्थ आणि शेजारी त्यांची पत्नी.

मी घरी मोबाइलवरच्या ॲपने शटरचा वेग तपासून गेलो होतो. "इथे सेकंदाचा तिसावा भाग लिहिलाय, प्रत्यक्षात अठरावा पडतो," मी हिंदीत सांगितलं. त्यांनी कॅमेरा कानाशी धरून एकदा बटण दाबलं.

"स्वल्प स्लो."

"स्वल्प म्हणजे किती?"

"स्वल्प," ते म्हणाले, आणि पुढच्या कॅमेऱ्याकडे वळले. उघडून बघतो, फोन करतो, एवढं त्यांच्या पत्नीने खुणांनी समजावलं.

फोन त्यांच्या पत्नीचाच आला. गृहस्थांना फोनवर ऐकू येत नाही आणि बाईंना कन्नडशिवाय काही येत नाही. मी माझ्या तुटपुंज्या कन्नडमध्ये विचारलं, "अम्मा, क्यामरा आयता?" म्हणजे, कॅमेरा झाला का?

"इल्ला सर. निम्म कन्नडी सरी इल्ला."

निम्म म्हणजे तुमचं. सरी इल्ला म्हणजे बरोबर नाही. तुमची कानडी बरोबर नाही! मी ओशाळलो. चौदा वर्षं या शहरात राहतोय, ऐकून घेणं भाग होतं.

"सॉरी, अम्मा."

"कन्नडी बेकु, सर. तंदरे माडतारे."

बेकु म्हणजे पाहिजे, माडतारे म्हणजे करतील. मधला शब्द कळला नाही, पण अर्थ उघड होता. कानडी पाहिजे, मगच काम करतील. घरी सांगितलं तेव्हा बायको म्हणाली, "अहो, असं कुठं असतं का?" बाबा मात्र खूश झाले. "बरोबर आहे त्यांचं. माणसाला तत्त्व पाहिजे."

मी शिकायला लागलो. इलेक्ट्रॉनिक सिटीला जाता-येता बसमध्ये कानात धडे, सोसायटीच्या वॉचमनशी रोज संभाषण, भाजीवालीशी कोथिंबिरीवरून चर्चा. भाजीवालीने मला दोनदा मेथी दिली, पण तिसऱ्यांदा कोथिंबीर मिळाली. वाक्यं पाठ झाल्यावर इस्त्रीचा शर्ट घालून मी जयनगरला गेलो आणि दोघांसमोर उभा राहून म्हणालो, "नमस्कार. नानु स्वल्प स्वल्प कन्नड कलितिद्दीनि. नम्म तंदेय क्यामरा दयविट्टु रिपेरि माडि." मी थोडं थोडं कन्नड शिकलोय, आमच्या वडिलांचा कॅमेरा कृपया दुरुस्त करा.

बाईंनी कौतुकाने मान हलवली.

"कन्नड चन्नागिदे, सर. कन्नडी एल्लि?"

कन्नड छान आहे. कन्नडी कुठे आहे?

मी पाठ केलेलं वाक्य पुन्हा म्हणायला लागलो. तेव्हा बाईंनी पर्समधून एक छोटा गोल आरसा काढला आणि माझ्या तोंडासमोर धरला. "कन्नडी."

आरशात एक चाळिशी उलटलेला, इस्त्री केलेला गाढव दिसत होता.

कन्नड ही भाषा, कन्नडी म्हणजे आरसा. भाषेला कानडी म्हणतो ते आपण मराठी लोक. अशा कॅमेऱ्याच्या पोटात भिंगामागे एक तिरका आरसा असतो. आमच्या आरशाचा मुलामा उडाला होता. नवा आता कुणी बनवत नाही, म्हणून गिऱ्हाइकानेच त्याच जातीचा एखादा मेलेला कॅमेरा शोधून आणायचा आणि त्यातला आरसा इकडे बसवायचा, अशी या धंद्यातली रीत. फोनवर न कळलेलं तंदरे म्हणजे 'आणलात तर'. ते दोघं आरशाची वाट बघत होते आणि मी व्याकरण करत होतो.

घरी हे ऐकून बाबा इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं.

"माझा हातातला आरसा कापून चालेल का?" बायकोने विचारलं.

"चालत नाही गं. साध्या आरशाला मुलामा मागून असतो, याला पुढून. नाहीतर फोकस चुकतो." बाबा उठले. "हा आणेल भलताच. मीच जातो. पत्ता दे."

ते गेले. आणि दुसऱ्या दिवशीही गेले. दुकानदारांनी त्यांना शहरातले बंद पडत आलेले फोटो स्टुडिओ सांगितले, ज्यांच्या माळ्यावर असे कॅमेरे पडून असतात. आता बाबा सकाळी टोपी घालून निघतात, बसने एकेक स्टुडिओ गाठतात आणि दुपारी जयनगरच्या दुकानात बसून अहवाल देतात. ते मराठीत बोलतात, दुकानदार कन्नडमध्ये. भांडणही होतं म्हणे, लेन्सवरून. साखर उतरली आहे. डॉक्टर विचारत होते, काय केलंत?

गेल्या शुक्रवारी ऑफिसमधल्या एका सहकाऱ्याच्या टेबलावर मला त्याच मॉडेलचा कॅमेरा शोभेला ठेवलेला दिसला. बिघडलेलाच होता. मागून घेतला.

"अहो, इतक्यात देऊ नका," बायको दारातच कुजबुजली.

पण वस्तू हातात असताना नाही म्हणणं मला जमत नाही. शनिवारी सकाळी मी तो बाबांपुढे ठेवला. त्यांनी भिंग काढलं, आत डोकावले, पुन्हा डोकावले.

"नाही चालणार."

"बाबा, मॉडेल तेच आहे. नंबर बघा."

"नंबर तोच आहे. आरशाला बुरशी आहे."

मी टॉर्च मारला. आरसा लख्ख होता.

"कुठंय?"

"अशी नाही दिसायची तुला. सूर्यप्रकाशात बघावी लागते."

"मग गॅलरीत चला, बघू."

"आता नको." बाबा चपला शोधत होते. "मल्लेश्वरमला एक स्टुडिओ सांगितलाय त्यांनी. बस चुकेल माझी."