आंदणाबरोबर आलेली कुसळी

माझ्या लग्नात वडिलांनी मला गाय आंदण दिली आणि गायीबरोबर गाडीभर गवत दिलं. सासरच्यांनी गाय मागितली नव्हती, गवत तर नाहीच नाही. पण तळेगावच्या बाजूला, आमच्या गावात, तशी रीत होती. नव्या दावणीला गेलेली गाय चारा बदलला की खायची थांबते, दूध आटवते, म्हणून पहिले काही दिवस तिला माहेरचंच घालायचं. लेकीच्या जेवणाखाण्याचा एवढा विचार कुणी करत नसे, ते सोडा.

देश स्वतंत्र होऊन चार-पाच वर्षं झाली असतील. सासर चाकणच्या अलीकडे, कुरुळीच्या शिवाराला लागून. मामंजींची बाजरीची जिरायत होती, पण त्यांचा जीव होता तो घरामागच्या उतारावरच्या गवताच्या माळात. पवन्या आणि मारवेल, दोन्ही चाऱ्याची उत्तम गवतं, त्या माळावर आपोआप वाढत. दसरा झाला की कापणी, मग पेंढ्या बांधून गाड्या पुण्याला, तबेलेवाल्यांकडे आणि गवळ्यांकडे. घरात रोख दिसायची ती तेवढीच. मामंजी त्या माळावर कुणाला म्हैस सोडू देत नसत. पावसाळ्यात आम्हा बायकांना पाऊलवाट सोडून चाललेलंही त्यांना खपत नसे.

आमच्या गाडीतलं गवत गोठ्याच्या मागे, माळाच्या कडेला उतरवलं. तिथेच त्याची लहानशी गंजी रचली. ते कुसळीचं गवत होतं. माझ्या माहेरी सगळीकडे तेच. कुसळी वाईट नसते, हे मी तिच्या बाजूनं सांगून टाकते. कोवळी असताना गुरं ती आवडीनं खातात. भादव्या-आश्विनात तिला तुरे येतात, आणि दिवाळीच्या पुढेमागे कुसळं पिकली की ती कुणाची राहत नाही. गुरांच्या हिरड्यांत, जिभेखाली, मेंढ्यांच्या कातडीत, माणसाच्या धोतरात, जिथे मिळेल तिथे घुसते. वडिलांनी लग्नाच्या गाडीत भरण्याआधी एकेक पेंढी बाजेच्या पायावर झोडली होती, कुसळं झडावीत म्हणून. दोन दिवस ते तेच करत होते. आई त्यांना हसली होती.

गाय रुळली. गवत संपलं. पाऊस पडला, आणि पुढच्या वर्षी गंजीच्या जागी पाच-सहा ठोंब उभे राहिले.

मी ते ओळखले आणि गप्प बसले. नवी सून काय बोलणार? मनात म्हटलं, चार ठोंबांनी काय होतंय. उलट मला बरंच वाटलं होतं, हे आज कबूल करते. परक्या घरात ओळखीचं काही दिसलं, म्हणून भांडी घासताना मी तोंड त्या बाजूला करून बसायची.

त्याच दिवाळीत मला एक गोष्ट कळली. लुगड्यात अडकलेली कुसळं काढून मी त्यातलं एक ओल्या पाटावर टाकलं होतं. कुसळाला खाली टोकदार बी असतं, त्यावर उलटे केस, आणि वर लांब काळपट दोरी, पीळ भरलेली. ओल लागल्याबरोबर ती दोरी हळूहळू फिरायला लागली. पीळ सुटत होता आणि बी पाटाच्या फटीत टोक खुपसत होतं. वाळल्यावर पुन्हा पीळ भरला, पण उलट्या केसांमुळे बी मागे आलं नाही. पुन्हा पाणी शिंपडलं, पुन्हा आत. मी कामधाम सोडून बघत बसले आणि सासूबाईंच्या शिव्या खाल्ल्या. दव पडतं, ऊन पडतं, तसं ते रोज स्वतःला जमिनीत पुरत जातं. माणसानं पेरावं लागत नाही.

तिसऱ्या वर्षी गंजीच्या जागेपासून निम्मा उतार तांबूस दिसायला लागला. पवन्याच्या पेंढ्यांत कुसळं आली. कापणाऱ्या बायकांचे हात, पोटऱ्या सोलून निघाल्या. आणि एका दुपारी पुण्याहून आमची गाडी भरलेलीच परत आली. तबेलेवाल्यानं पेंढी उसकून पाहिली होती आणि सांगितलं होतं की असलं गवत घालून घोड्यांची तोंडं नासवायची नाहीत. मामंजींनी गाडीतली एक पेंढी स्वतः उसकून पाहिली. मग ते घरात आले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "पाव्हण्यानी चांगलंच आंदण दिलं."

दिवाळीला वडील मला न्यायला आले. मला भाऊ नव्हता, म्हणून मुराळी तेच. ते ओटीवर टेकतात न टेकतात तोच मामंजी म्हणाले, "पाव्हणं, आधी तुमचं गवत घिऊन जावा. मग लेक न्या."

वडिलांना थट्टा वाटली. ते हसले. कुणीच हसत नाही असं पाहून त्यांचं हसू तोंडावरच राहिलं. शेजारची दोन माणसं बसलेली होती. त्यांच्यादेखत बोललेला शब्द मामंजींना मागे घेता येईना, आणि वडिलांना आवाज चढवता येईना, कारण लेक त्या घरात होती. आमचे हे भिंतीला टेकून जमिनीकडे बघत राहिले. ते पुढे पिंपरीला कारखान्याच्या बांधकामावर जायला लागले आणि माळाचा विषय त्यांनी आपल्यापुरता संपवला. वडील एकटेच परत गेले. त्यानंतरची पंचमी गेली, पुढची दिवाळी गेली, मला कुणी पाठवलं नाही. आई आजारी पडल्याचा निरोप आला, तरी नाही. माळावर कुसळी आहे तोवर सून माहेरी जाणार नाही, हा त्या घरचा कायदाच झाला.

म्हणून कुसळी मरावी असं घरात सगळ्यांत जास्त कुणाला वाटत असेल तर मला. मामंजींचा उपाय एकच, माळ जाळायचा. फाल्गुनात माळ पेटवायची तिकडे पद्धतच होती, जळलं की तण मेलं आणि वळवाच्या एका सरीवर कोवळं फुटलं, असा सगळ्यांचा समज. मीही चुलीतल्या पेटत्या गोवऱ्या नेऊन माळाच्या चार कोपऱ्यांना लावल्या. मनापासून लावल्या. सगळा उतार काळा झाल्यावर मला रडू आलं ते आनंदानं.

पण वळवानंतर आधी कोण फुटलं? कुसळी. जळक्या बुडख्यातून हिरवीगार. पवन्याचे ठोंब पांढरे पडून तसेच राहिले. मी कुसळीच्या ठोंबाजवळची माती बोटानं उकरली. बोटाच्या पेराएवढ्या खोलीवर बी सापडलं, टोक खाली, धडधाकट. वरची दोरी तेवढी जळली होती. आग वरून निघून गेली होती आणि बी खाली गार मातीत बसलं होतं. वरचा पालापाचोळा गेल्यानं त्याला उलट ऊन मिळालं. आम्ही दरवर्षी तिची जागा झाडून देत होतो.

मी सासूबाईंना सांगितलं, त्यांनी मामंजींना सांगितलं. मामंजी म्हणाले, "माहेरचं गवत वाचवाया बघतीया." पुढच्या फाल्गुनात त्यांनी दुप्पट पाचोळा पसरून माळ जाळला.

आज विचार करते तेव्हा वाटतं, कुसळी आमच्या गाडीतून आली असेल, किंवा नसेलही. सडकेच्या कडेला कुसळी होतीच. धनगरांच्या मेंढ्या शेतात बसायच्या, त्यांच्या लोकरीत ती होती. आणि पवन्या वर्षानुवर्षं बी धरायच्या आत तासून नेलेला, त्यावर दर फाल्गुनात आग. दमलेल्या माळावर कुणीही येऊन बसलं असतं. पण हे बोलायला त्या घरात मला तोंड नव्हतं, आणि तोंड होतं त्यांना हे कळत नव्हतं.

दुप्पट पाचोळा घालून माळ जाळला त्याच वर्षी वैशाखात वडील आले. खांद्यावर कुदळ, हातात मडकं, फडक्यात बांधलेल्या भाकरी. मामंजी ओटीवर होते.

"गवत घिऊन जायाला आलोय," वडील म्हणाले.

मामंजींना वाटलं असेल, दोन ठोंब काढतील आणि जातील. पण वडील सात दिवस राहिले. राहिले म्हणजे आमच्या घरात नाही. मला मूल झालेलं नव्हतं, आणि लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं अन्न-पाणी घ्यायचं नाही, हे त्यांनी कडक पाळलेलं. ते सडकेच्या मारुतीच्या देवळात निजत, वाळलेली भाकरी कांद्याशी खात आणि सडकेवरच्या विहिरीतून मडकं भरून आणत. विहीर माळापासून पाऊण मैल. उजाडता खणायला लागत ते ऊन डोक्यावर येईपर्यंत, मग बाभळीखाली थोडं टेकून पुन्हा. उन्हाळ्यातच खणायचं, मुळं वर करून टाकली की वाळून मरतात. कुसळीची मुळं म्हणजे दाट झुबका, माती सोडत नाहीत. एकेका ठोंबाला आठ-दहा घाव लागत.

घरचं आवरून मी जायची आणि त्यांनी काढलेले ठोंब झटकून ढीग करायची. तिसऱ्या दिवशी न राहवून मी म्हणाले, "आबा, ठोंब काढून काय उपेग? बी जमिनीत हाय. पावसाळ्यात पुन्ना येनार."

"म्हाईत हाय मला," ते म्हणाले. "जन्म गेला कुसळीत."

"मग कशापायी मरताय?"

"आगं, माळ एकदा मोकळा दिसाया पायजे त्येंना. पाऊस पडूस्तवर दिसंल. तेवढ्यात तुला नेतो. आई लई आठवन काढतीया."

ते असं म्हणाले आणि मी पुन्हा ढीग करायला लागले. एवढंच हवं होतं त्यांना, पाऊस पडेपर्यंत मोकळा दिसेल असा माळ. मामंजी रोज बांधावर येऊन उभे राहत, काही बोलत नसत. पाचव्या दिवशी मात्र जाताना म्हणाले, "खालचा तुकडा ऱ्हायलाय." मला तेव्हा आशा वाटली.

सातव्या दिवशी तो खालचा तुकडा तेवढा उरला होता. त्या दिवशी वारा पडला होता. मी गेले तेव्हा दुपार भरत आली होती आणि मडकं रिकामं होऊन आडवं पडलं होतं. वडील खणतच होते. त्यांचा चेहरा लाल होता आणि अंगावर घाम नव्हता. घाम नाही हे मला दिसलं. त्याचा अर्थ मला कळला नाही.

माझ्याकडे तांब्या होता, घरच्या रांजणातला. मी पुढे केला. त्यांनी तांब्याकडे पाहिलं, चांगलं डोळे भरून पाहिलं, आणि मान हलवली.

"आबा, घोटभर घ्या. हितं कोन बघतंय?"

"तुझ्या घरचं न्हाई, बाय. एवढं झालं की जातो हिरीवर."

मी आग्रह केला नाही. मला तसंच शिकवलेलं होतं. त्यांनी नाही म्हटलं आणि मी तांब्या खाली ठेवला, बाभळीच्या बुडाशी, त्यांना दिसेल असा. हे पाणी सडकेवरच्या विहिरीचं आहे, मुद्दाम तुमच्यासाठी आणलंय, एवढं खोटं बोलले असते तर ते प्याले असते. त्या घरात नांदताना मी उठता-बसता खोटं बोलत होते. त्या दिवशी मला खोटं सुचलं नाही.

थोड्या वेळानं ते माझ्या आईला हाक मारायला लागले. आई तिथे कुठली? मग कुदळीसकट गुडघ्यांवर बसले, आणि कलंडले. मी किंचाळत घराकडे धावले. मामंजी बाज घेऊन स्वतः धावत आले, हे मी नाकारणार नाही. कुणी कांदा फोडला, कुणी ओलं फडकं टाकलं. वडिलांचं तोंड उघडं होतं. मी तोच तांब्या घेऊन त्यांच्या तोंडात पाणी घातलं. थोडं बाहेर आलं. थोडं आत गेलं की नाही, मला आजही सांगता येत नाही. दिवस मावळायच्या आत ते गेले.

मातीसाठी त्यांना त्यांच्या गावी न्यायचं ठरलं. मामंजींनी गाडी जुंपायला लावली, गाडीत पेंढ्या पसरल्या, त्यावर घोंगडी. आमचे हे कासरा धरून बसले. मी दारात उभी होते, कारण मला कुणी काही सांगितलं नव्हतं. मामंजी माळाकडे पाठ करून उभे होते. खालच्या तुकड्यात दहा-बारा ठोंब राहिले होते, तिथून दिसत होते.

"जा," ते मला म्हणाले. "तेराव्याचा दिस होईस्तवर ऱ्हा तिकडं."

मी गाडीत चढून वडिलांच्या उशाशी बसले. दोन वर्षांत पहिल्यांदा मी माहेरी निघाले होते, आणि न्यायला तेच आले होते.