एका गल्लीची बँक

३ नोव्हेंबर १९९७, सोमवार सकाळ. माझ्यापुढे काम होतं एका वाढत्या बँकेशी मॅनेजमेंट मीटिंग उरकण्याचं, आणि त्या बँकेचे चेअरमन बापूराव माझ्यापुढे फराळाचं ताट सरकवत होते.

"घ्या की बाई. दिवाळी अजून सरली नाही आमच्याकडं."

"नको. आमचा नियम आहे. ज्यांचं रेटिंग करायचं, त्यांच्याकडे फक्त चहा घ्यायचा."

"चहात साखर चालते का? का तीपण रिश्वत?"

"एक चमचा चालते."

त्यांनी शिपायाला हाक मारली. "बाईंच्या चहात एकच चमचा टाक रे. दुसरा पडला तर आपली बँक गेली."

मी मुंबईच्या एका रेटिंग कंपनीत होते. हैदराबादला ऑफिस उघडलं तेव्हा इकडे यायला कुणी तयार नव्हतं, म्हणून मला पाठवलं. विद्यानगरला वरच्या मजल्यावर दोन खोल्या घेतल्या आणि कामाला लागले. ती उदारीकरणाची वर्षं होती. ज्याला त्याला बाजारातून पैसा उभा करायचा होता, आणि पैसे देणाऱ्याचा प्रश्न एकच असायचा: परत मिळतील ना? त्याचं उत्तर अक्षरांत देणं हा माझा धंदा. सगळ्यात वर ट्रिपल ए, मग डबल ए, मग ए, त्याच्या खाली ट्रिपल बी. त्याच्याही खाली घसरलात तर शहाणा माणूस पैसे देत नाही.

बापूरावांना हे समजावून सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे तुम्ही आमच्या बँकेची पत्रिका बघणार."

"पत्रिका नाही. मुलगा कमावतो किती, कुणाकुणाचं देणं आहे, आणि उद्या आजारी पडला तर घरात काय शिल्लक आहे, ते बघणार."

"हां. मग तुम्ही आमच्या सोयरिकीत शोभल्या असत्या."

त्यांचं घराणं परभणीकडचं, शेतकरी. वडील निजामाच्या काळात हैदराबादला आले आणि बेगम बाजारात, म्हणजे शहराच्या घाऊक पेठेत, तेलाचं दुकान टाकलं. बापूरावांचं शिक्षण उर्दूत झालं होतं, त्यामुळे त्यांच्या मराठीत दर दोन वाक्यांना एक उर्दू शब्द येई. बँक त्यांनी आणि बाजारातल्या व्यापाऱ्यांनी मिळून काढली होती. आता तिच्या शहरभर शाखा होत्या, आणि शहराबाहेर वाढणाऱ्या कुकटपल्लीला आणखी एक उघडायची होती.

अडचण भांडवलाची होती. नवा नियम असा होता की ढोबळ मानाने दर शंभर रुपयांच्या कर्जामागे बँकेचे स्वतःचे आठ रुपये हवेत. कर्ज बुडालं तर पहिला फटका त्या आठ रुपयांनी खायचा, ठेवीदारांनी नाही. बापूरावांनी कर्जं भराभर वाढवली होती. आठ रुपये तेवढ्या वेगाने वाढले नव्हते. मार्चपर्यंत ते भरून काढायला त्यांना बॉण्ड विकायचे होते, म्हणजे लांब मुदतीचे कर्जरोखे, जे ठेवीदारांच्या मागून फेडायचे असल्यामुळे नियमात भांडवल धरले जात. बॉण्ड घेणारे होते नोकरदारांच्या प्रॉव्हिडंट फंडांचे ट्रस्ट, आणि ए किंवा त्याच्या वरचं रेटिंग नसेल तर ते ट्रस्ट कागदाला हात लावत नसत. बॉण्ड गेले नाहीत तर दुसरा रस्ता होता. मुंबईचा एक उद्योगसमूह बँकेचा मोठा हिस्सा घ्यायला टपला होता. तसं झालं तर बापूरावांची खुर्ची जाणार होती, आणि बहुधा बँकेचं नावही.

तेव्हा त्यांना ए हवा होता, आणि हे त्यांनी लपवलं नाही.

आकडे बघितले तर बँक उत्तम. नफा बरा होता. बुडीत कर्जं जवळजवळ नव्हतीच. संध्याकाळी मुंबईला माझे बॉस कामत यांना फोन केला.

"इतकं स्वच्छ कुणाचंच नसतं," ते म्हणाले. "कर्जं नवी असतील."

त्यांचं म्हणणं बरोबर होतं. वाढत्या बँकेत हा फसवा भाग असतो. नवं कर्ज म्हणजे यंदा घातलेलं लोणचं. पहिल्या महिन्यात सगळ्याच बरण्या छान दिसतात. बुरशी कुठे येणार ते पावसाळ्यानंतर कळतं. पण मी जुनी कर्जं वेगळी काढून बघितली होती. तीही स्वच्छ होती.

"मग कारण शोधा," कामत म्हणाले. "चांगलं दिसतंय म्हणून सोडू नका. चांगलं का दिसतंय ते रेटिंग ठरवणाऱ्या कमिटीला सांगावं लागेल."

दुसऱ्या दिवशी मी बापूरावांना सरळ विचारलं. "तुमची कर्जं बुडत कशी नाहीत?"

ते उठून उभेच राहिले. "चला. दाखवतो. पायात चप्पल मजबूत आहे ना?"

आम्ही बेगम बाजारात गेलो. मिरचीच्या गल्लीत मी शिंकायला लागले तेव्हा त्यांनी स्वतःचा रुमाल दिला. "हे फराळात मोजत नाहीत ना?" म्हणाले. पहिलं दुकान घनश्यामजींचं होतं, हळद-मिरचीचे घाऊक व्यापारी. गादीवरूनच त्यांनी हात जोडले.

"आओ बापूसाब. ये मॅडम कौन?"

"बंबई की कंपनीवाली. अपनी बँक का इम्तिहान ले रै. इनको बोलो, अपने यहाँ किस्त कायकू नै डूबती."

घनश्यामजींनी मोठ्या उत्साहाने सांगितलं. बेगम बाजारात कुणी बँकेचं कर्ज घेतलं की बाजारातलेच दोघे त्याला जामीन राहतात. हे कागदावर तर असतंच, पण खरी गोष्ट कागदाच्या पलीकडची. कुणाचा हप्ता अडला, तर बँकेने विचारायच्या आत जामीनदार भरून टाकतात. आपण जामीन असलेल्या माणसाकडे बँकेची नोटीस आली, तर ती बदनामी आपली.

"पिछले साल सामनेवाले काजू-बदामवाले का ऑपरेशन हुआ," ते म्हणाले. "छे महिने की किस्त मैंने भरी. बँक को मालूम भी नै हुआ."

"देखा?" बापूराव माझ्याकडे बघत म्हणाले. त्यांचा चेहरा पोराचा पहिला नंबर आल्यासारखा फुलला होता.

माझ्या मात्र कानात एकच वाक्य राहिलं: बँकेला कळलंही नाही. आमच्या धंद्यात दोन तिमाह्या व्याज आलं नाही की कर्ज आजारी धरतात. इथे माणूस सहा महिने आजारी होता आणि कर्ज ठणठणीत.

"आपका जामीन कौन है?" मी विचारलं.

"वोइच, सामनेवाला. और कोने के बर्तनवाले."

"और बर्तनवाले का?"

"मैं," घनश्यामजी हसून म्हणाले. "और कौन?"

मग मी प्रत्येक दुकानात तोच प्रश्न विचारत गेले. बापूराव प्रत्येक उत्तराला मान डोलवत होते. गल्लीच्या टोकाला पोचेपर्यंत माझ्या लक्षात आलं की सगळे एकमेकांना बांधलेले आहेत, आणि बाहेरचा एकही नाही. बँकेची निम्म्याहून जास्त मोठी कर्जं या गल्ल्यांत होती.

"एकाला ठेच लागली तर दहा हात सावरायला," बापूराव म्हणाले. "आणखी काय पाहिजे तुमच्या कमिटीला?"

"दहाही जणांना एकाच वेळी ठेच लागली तर?"

"सगळ्यांना एकदम काहून लागेल?"

उत्तर साबणवाल्याच्या दुकानात आधीच मिळालं होतं. तो तक्रार करत होता की कंपन्या आता माल सरळ कुकटपल्लीच्या दुकानदारांना पोचवतात, मधला घाऊक व्यापारी त्यांना नको झालाय. बापूरावांनी ते ऐकून "बाजार है, चलता" म्हणून सोडून दिलं होतं. मी सोडलं नाही. एखाद्याचं ऑपरेशन होतं तेव्हा शेजारी भरतो. पण धंद्याचीच वाट बदलली, तर शेजाऱ्याचाही गल्ला रिकामा असतो.

मी रिपोर्टमध्ये हेच लिहिलं. रेटिंग मी एकटी देत नव्हते. मुंबईत कमिटी बसायची, पाच अनुभवी माणसांची, आणि अ‍ॅनालिस्टला फक्त बाजू मांडायची असे. मी ट्रिपल बीची शिफारस केली. कमिटीने ती उचलून धरली.

हे सांगायला मी स्वतः गेले. फोनवर सांगता आलं असतं.

बापूरावांनी पुढ्यातली फाईल मिटली. मग म्हणाले, "माझ्या माणसांवर तुमचा भरोसा नाही."

"माणसांवर आहे. ती सगळी एकाच गल्लीत राहतात, त्यावर नाही."

"तुम्ही त्यांच्या गादीवर बसल्या, त्यांचं पाणी प्यायल्या."

"म्हणूनच मला कळलं."

"आता मी काय करायचं?"

तेव्हा नियम असा होता की रेटिंग पटलं नाही तर नाकारता येई. मग ते छापलं जात नसे. किंवा काही नवं घडलं असेल तर फेरविचार मागता येई. मी दोन्ही सांगितलं. "नवं घडलं असेल तर," ते माझेच शब्द पुन्हा म्हणाले, आणि मला दारापर्यंत सोडायला आले. रागावले होते तरी आले.

डिसेंबरात ते स्वतः माझ्या ऑफिसात आले. हातात कापडी पिशवी, चेहरा उजळलेला. खुर्चीवर बसायच्या आधीच पिशवी टेबलावर ठेवली.

"नवं घडलं की, बाई. बाजारात मीटिंग घेतली. सांगितलं, बँक बंबईवाल्यांच्या हातात जाऊन राहिली. सगळे उठले. प्रत्येकानं नवे शेअर घ्यायचे कबूल केलं. हे चेक. आठाच्या जागी आता दहा रुपये होतील. द्या आता तुमचा ए."

मला खरंच बरं वाटलं. इतकी माणसं एका माणसाच्या शब्दावर खिशात हात घालतात, हे रोज बघायला मिळत नाही. पण सवयीने प्रश्न बाहेर पडला.

"एवढी रक्कम त्यांनी इतक्या लवकर आणली कुठून?"

"कुठून म्हणजे? प्रत्येकाची सीसी लिमिट आहे की, त्यातून उच..."

ते थांबले. सीसी लिमिट म्हणजे कॅश क्रेडिट. व्यापाऱ्याला माल भरायला बँकेने मंजूर करून ठेवलेलं कर्ज, लागेल तसं उचलायचं. बेगम बाजारातल्या प्रत्येकाची ती लिमिट बापूरावांच्याच बँकेत होती.

पुढचं सांगायची गरज नव्हती. ते पिशवीकडे बघत होते. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडताहेत. हसत होते. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले.

"माझ्याच विहिरीचं पाणी शेंदून माझ्याच विहिरीत ओतलं," ते म्हणाले. "आणि वर म्हणतोय, बघा, विहीर भरली."

"अजून शेअर दिले नाहीत ना?"

"नाही. चेक वटवले पण नाहीत."

"मग काहीच बिघडलं नाही. परत करा."

"घनश्याम काय म्हणेल?"

"विचारा त्याला, गिऱ्हाइकानं त्याच्याच गल्ल्यातले पैसे काढून मालाचे म्हणून दिले, तर तो विक्री धरेल का."

त्यांनी डोळे पुसले. पिशवी उचलली. "ट्रिपल बी छापा," म्हणाले. "मला मंजूर आहे. बाजारात मी एवढं ओरडून सांगत असतो, धंदे की तबियत बँक से छुपाव मत. मीच बँकेची लपवली तर कसं?"

प्रॉव्हिडंट फंडांनी ते बॉण्ड घेतले नाहीत, अपेक्षेप्रमाणेच. पण दोन फायनान्स कंपन्यांनी थोडे घेतले, जास्त व्याजावर. उरलेली कसर बापूरावांनी कर्जं आखडून भरली. नवं कर्ज बेगम बाजारात एकही नाही, असं त्यांनी वर्षभर पाळलं, आणि त्यासाठी शिव्या खाल्ल्या. कुकटपल्लीची शाखा वर्षभर उशिरा निघाली. तिथे त्यांनी पत्र्याच्या शेडमधल्या छोट्या कारखानदारांना कर्जं दिली, ज्यांचा साबणाशी आणि मिरचीशी काही संबंध नव्हता. मुंबईचा उद्योगसमूह दुसरीकडे गेला. खुर्ची राहिली.

यातून मी शिकले ते एवढंच: चांगली माणसं हे भांडवल आहे, पण ते आठ रुपयांत मोजता येत नाही. मोजायला गेलात तर नऊ वेळा बरोबर निघतं, आणि बँक बुडायला दहावी वेळ पुरते.

पण हे सगळं पुढचं. बापूराव पिशवी घेऊन परत गेले, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिस उघडलं आणि सगळ्यात आधी कामतांना फॅक्स केला. पुढच्या वर्षी या बँकेच्या रेटिंगसाठी दुसरा अ‍ॅनालिस्ट पाठवा, असं लिहिलं. त्यांचा लगेच फोन आला. काही भांडण झालं का, त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "मला हा माणूस फार आवडायला लागलाय."