बोलायला शिकवणाऱ्या बाईचे तास

माझ्याकडं किस्से साठतात ते मी साठवते म्हणून नाही. मेडिकल आणि नर्सिंगच्या पोरांना 'कम्युनिकेशन स्किल्स' शिकवणाऱ्या बाईकडं दुसरं साठणार तरी काय? चार दिवस सांगली, दोन दिवस सातारा, मधे एसटी. दोन्हीकडं माझा तास जेवणानंतरचा. अर्धा वर्ग झोपलेला असतो आणि उरलेला अर्धा मी कधी थांबते याची वाट बघत असतो.

सांगलीच्या एका सर्जन सरांनी स्टाफरूममध्ये मला विचारलं, "मॅडम, बोलायला काय शिकवता हो? ते दोन वर्षांच्या पोराला पण येतं."

"सर, तुमचा राउंड झाला की पेशंट मला विचारतात, डॉक्टर काय म्हणाले?"

हे मी म्हणाले नाही. मनात म्हणाले. चहा संपवला आणि वर्गावर गेले.

*

साताऱ्याच्या नर्सिंग कॉलेजात एक पूजा होती. लोणंदजवळच्या खेड्यातली, शेवटच्या वर्षाला. हात एवढा हलका, की सुई कधी टोचली ते पेशंटला कळायचं नाही. पण तोंडातनं शब्द निघेल तर शपथ! माझ्याच विषयात एकदा नापास झालेली. चुलत्यानं घरी सांगून टाकलं होतं, "आता नापास झाली तर शिक्षान बंद. पावणं बघून ठेवल्यात."

मी तिला आरशासमोर बोलायला लावलं, मैत्रिणींशी बोलायला लावलं, शेवटी चिडूनही बघितलं. ती नुसती मान हलवायची.

*

आधी आपली ओळख करून द्या, मग पेशंटला मोकळं बोलू द्या, हा माझा पहिला धडा. सांगलीच्या सेकंड इयरच्या एका पोरानं तो मन लावून पाळला. "नमस्कार आजोबा, मी पाटील."

"पाटील म्हंजी कुठलं?"

"कोरेगावकडचे."

"आन् आईचं म्हायेर?"

अर्ध्या तासानं पोरगा खुशीत माझ्याकडं आला. मी विचारलं, "त्रास काय आहे त्यांना?"

"ते विचारायचं राहिलं, मॅडम."

आजोबांचं मात्र काहीच विचारायचं राहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या पुतण्याचा बायोडाटा वॉर्डात हजर, पाटलाच्या बहिणीसाठी.

*

सहानुभूतीची वाक्यं मी पाठ करू नका म्हणते. पोरं तेवढीच पाठ करतात. सैन्यभरतीला निघालेला एक धडधाकट गडी फिटनेस सर्टिफिकेटसाठी आला होता. आमच्या इंटर्न बाईंनी त्याचा हात हातात घेतला. "मी समजू शकते. या प्रवासात तुम्ही एकटे नाही आहात."

गडी मटकन स्टुलावर बसला. "मॅडम, घरी फोन करू का?"

त्याला पाणी पाजून परत उभं करायला मलाच जावं लागलं. सर्टिफिकेट व्यवस्थित मिळालं, पण जाईपर्यंत त्याचा काही विश्वास बसला नाही.

*

डोळ्यांत बघून बोला, असंही मी शिकवते. एका मुलीनं म्हातारीच्या डोळ्यांत असं काही बघितलं, की म्हातारी हात जोडून म्हणाली, "आवं सिस्टर, माजं काय चुकलं का?"

त्या दिवशी मला खरंच कंटाळा आला होता.

*

पूजाची परीक्षा. बाहेरून परीक्षक बाई आलेल्या. काम सोपं होतं, एका नातेवाइकाशी जाऊन बोलायचं. पूजाच्या वाट्याला आयसीयूबाहेर बाकावर बसलेल्या एक आजी आल्या. नवरा आत होता. पूजा शेजारी बसली आणि नेहमीसारखी गप्प. परीक्षक बाईंनी पेनचं टोपण लावून टाकलं. मी खिडकीबाहेर बघत उभी राहिले.

तेवढ्यात आजींच्या दिराला आत बोलावलं. तो डोळे पुसत बाहेर आला आणि उभ्याउभ्या म्हणाला, "वैनी, आण्णांचं जरा जास्त हाय." आणि लगेच जिना उतरून गेला.

आमच्या भागात माणूस गेल्याची बातमी अशीच देतात, आणि बायकोला सगळ्यांत शेवटी. खरं सांगा, स्पष्ट सांगा, खोटा धीर देऊ नका, हे मी वर्षानुवर्षं घसा फोडून शिकवतेय. मागोमाग डॉक्टर आले आणि हळूच आम्हाला म्हणाले, "गेले." पूजानंही ते ऐकलं. परीक्षक बाई कुजबुजल्या, "परीक्षा थांबवू या का?"

आजींनी पूजाचा हात घट्ट धरला.

"पोरी, मला कळलंय. पर तू सांगू नगंस. सांगितलंस की मला रडू फुटंल. ल्योक पुण्यासनं एकटाच गाडी चालवत येतोय. सारका फोन करतोय गं."

आणि फोन वाजलाच. आजींनी तो कानाला लावला, तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. पलीकडून पोरगा "आई? आई?" करत होता. ते आम्हालाही ऐकू येत होतं.

पूजानं त्यांच्या हातातनं फोन घेतला.

"दादा, मी सिस्टर बोलतेय. आई इथंच हाईत, च्या घेत्यात. इकडं आमी हाय सगळी. तुमी सावकाश या."