उलटं ठेवलेलं झाकण

ओडेल बॉझमनबद्दल चांगलं बोलणारं माणूस आमच्या चेसापीक उपसागरातल्या बेटावर मला तरी भेटलेलं नाही. हा बोटींची इंजिनं दुरुस्त करतो, आणि धक्क्यावरून जाताना प्रत्येक बोटीपाशी थांबून वास घेतो. मिस नेटीच्या मते (आमच्याकडे लग्न झालेल्या बाईलाही मिसच म्हणतात), कुणाकडे काय शिजतंय ते हुंगतो. मी मान डोलावली. तिच्या हातचे चिंबोरीचे वडे मला फार आवडतात.

त्या उन्हाळ्यात नेटीच्या नवऱ्यानं, लेवीननं, पलीकडच्या किनाऱ्यावरच्या भंगारातून एका मोडक्या मोटारीचं इंजिन आणून बोटीत बसवलं. आमच्या निम्म्या बोटी अशाच चालतात.

"इंजिन राहू दे, पण कार्ब्युरेटर बदल," ओडेल म्हणाला. "बोटीचा वेगळा असतो."

"आणि तो नेमका तुझ्याच दुकानात मिळतो," लेवीन म्हणाला. सगळा धक्का हसला.

मग लेवीनच्या टाकीतलं पेट्रोल भराभर संपायला लागलं. नजरा ओडेलकडे वळल्या. एकदोन मीही वळवल्या. त्यात शुक्रवारी सकाळी लेवीनच्या इंजिनाच्या पेटीचं झाकण उलटं पडलेलं दिसलं. झाकण उलटं तर बोटही उलटणार, असं आम्ही मानतो. त्या दिवशी कुणी किल्लीला हात लावत नाही. शनिवारीही तेच. चिंबोऱ्या ऐन कात टाकायच्या, मऊ चिंबोरीला सोन्याचा भाव मिळायच्या दिवसांत लेवीन घरी बसला.

"पेट्रोलही चोरतो आणि वर करणीही करतो," तो धुमसत म्हणाला.

रविवारी चर्चमध्ये ओडेलची जागा रिकामी. मी लेवीनला कोपर मारलं. गाणं सुरू झाल्यावर दोघं सटकलो.

ओडेल लेवीनच्याच बोटीत होता. झाकण उलटं, शेजारी बादली, डोकं इंजिनाखाली.

"सापडलास," लेवीननं बोटीत उडी मारली. "आता याच बोटीतून तुला पलीकडे शेरीफकडे नेतो." त्यानं किल्लीकडे हात नेला.

"ने की. पण आधी इथे वाकून वास घे. आणि तोंडातला पाइप पेटवू नकोस. कॅप्टन, तुम्ही मागे व्हा."

मी आधीच मागे झालो होतो.

लेवीन वाकला आणि पांढराफटक होऊन वर आला. बोटीच्या तळाशी पाण्यावर पेट्रोल चकाकत होतं.

"मोटारीचा कार्ब्युरेटर तुंबला की पेट्रोल बाहेर सांडतं," ओडेल म्हणाला. "रस्त्यावर ते वाऱ्यानं उडून जातं. इथे त्याची जड वाफ बोटीच्या पोटात बसते, ठिणगीची वाट बघत. बोटीच्या कार्ब्युरेटरची नळी आत वळवलेली असते. सांडलं तरी इंजिनाच्याच घशात. इंजिन गुदमरून बंद पडतं, माणूस वाचतो."

"मग तोंडानं सांगायचं. झाकण कशाला उलटं करायचं?"

"सांगितलं तेव्हा तुला माझा धंदा दिसला. तू पेट्रोलला घाबरत नाहीस, लेवीन. झाकणाला घाबरतोस."

लेवीननं किल्ली काढून खिशात टाकली आणि पाना मागितला. नेटी केव्हा मागे येऊन उभी राहिली होती, कळलंच नाही. ती त्या उलट्या झाकणाकडे टक लावून बघत होती. तिचं ते बघणं मला तेव्हाच खटकलं.

सोमवारी सकाळी मोटारीच्या इंजिनाच्या झाडून सगळ्या बोटींची झाकणं उलटी होती. कुणी बाहेर पडलं नाही. ओडेलच्या दुकानापुढे मात्र कार्ब्युरेटरसाठी रांग लागली. ओडेल बायबलवर हात ठेवून सांगतो, हे काम त्याचं नव्हे. माझा संशय वेगळीकडेच आहे. पण वड्यांसाठी गप्प बसतो.