फेर्रे म्हणजे वाहणे

नर्सिंगच्या पहिल्या वर्षी आम्हाला लॅटिन शब्द पाठ करावे लागायचे. देऊळगाव राजाच्या कॉलेजात शिकवणाऱ्या आमच्या मॅडम म्हणायच्या, मूळ कळलं की दवाखान्यातला कुठलाच शब्द घाबरवत नाही. त्या फळ्यावर आधी लॅटिन लिहायच्या, मग इंग्रजी अर्थ, मग मराठी. पोर्तारे, टू कॅरी, वाहून नेणे. गेस्तारे, तेही टू कॅरी, पण अंगावर, पोटात वागवणे, त्यावरून जेस्टेशन, गर्भारपण. ग्राव्हिडा, हेवी, जड झालेली. आणि फेर्रे, टू बेअर. "ह्याचे तीन अर्थ लिहून घ्या," त्या म्हणाल्या. "वाहणे, सोसणे, जन्म देणे."

त्याच हिवाळ्यात ताई पहिल्या बाळंतपणाला बीबीच्या सासरहून माहेरी आली. आठवा लागला होता. बारावीत तिला माझ्यापेक्षा चांगले मार्क होते, पण लग्न झालं आणि शिक्षण राहिलं. माझे शब्द तिला फार आवडले. अंगणात उन्हाला बसून ती तुरीच्या शेंगा सोलायची आणि माझी परीक्षा घ्यायची.

"ग्राव्हिडा म्हंजे?"

"जड."

"मंग हे तं मीच झाले ना वं!" म्हणून हसायची.

हसताना तिचा चेहरा मला वेगळा दिसू लागला. डोळे बारीक झाले होते. मायला वाटायचं, माहेरचं खाणं अंगी लागलं. एका सकाळी मी ताईच्या नडगीवर अंगठा दाबून पाहिला. खड्डा पडला आणि तसाच राहिला. ओल्या मातीत बोट रुतावं तसा.

जोडवी तिच्या बोटांत रुतली होती. साबण लावून पाहिला, तेल लावलं, हलेनात. मी म्हटलं, सोनाराकडून कापून घेऊ. मायचा आवाज एकदम बदलला.

"सवाष्णीची जोडवी कापत असतेत का? दिवस भरत आल्यावर असं वंगाळ बोलू नको."

"माय, हे चांगलं नाही. तिचं बीपी पाहू."

"पाय तं समद्यायचेच सुजतात. मले तुम्ही दोघी झाल्या तवा काय कमी सूज होती?"

ताई मध्ये पडली. "जाऊ दे वं, सोसते मी," ती म्हणाली. त्या दिवशी वर्गात माझं लक्ष लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजला गेलेच नाही. दुपारी ताई शेंगा सोलता सोलता थांबली आणि रिकाम्या भिंतीकडं बघत राहिली.

"इजा चमकून राह्यल्या का?" तिनं विचारलं.

आभाळ स्वच्छ होतं. मी काही बोलायच्या आत तिनं दोन्ही हातांनी डोकं धरलं. आता माय पण घाबरली. शेजारचे चाचा फळांचा धंदा करायचे, त्यांची गाडी दारातच होती. "चाचा, चला लवकर," एवढंच मी म्हणाले. त्यांनी संत्र्यांची खोकी भराभर खाली उतरवली आणि आम्हाला देऊळगावच्या दवाखान्यात आणलं.

डॉक्टरांनी बीपी पाहिलं, पुन्हा पाहिलं. ते फार चढलं होतं. ताईला दोन इंजेक्शनं दिली. नर्सनं कोणालाही न विचारता जोडवी कापली. माय भिंतीकडं तोंड करून उभी राहिली.

"जालन्याला रेफर करतोय," डॉक्टर म्हणाले.

ताई डोळे मिटून पडली होती. हळूच म्हणाली, "रे म्हंजे मागं. फेर म्हंजे नेणं. मले मागं कुठं नेऊन राह्यले वं?"

मी तिचा हात हातात घेतला. तो गार पडला होता.

जालना रस्त्यावर ॲम्ब्युलन्समध्ये तिला झटका आला. आधी ओठाचा कोपरा ओढला गेला, मग सगळं अंग ताठ झालं. माय पायातली चप्पल काढून तिच्या नाकाशी धरायला सरसावली. मी मायला मागं सारलं आणि सोबतच्या नर्सबरोबर ताईला कुशीवर वळवून धरलं. तिच्या तोंडातून लाळ आणि रक्त वाहत होतं, आणि पोटातलं बाळ हलतंय की नाही ते मला कळत नव्हतं.

जालन्यात तिला थेट ऑपरेशनला नेलं. मुलगी झाली. एवढीशी, पण जिवंत. तिला काचेच्या पेटीत ठेवलं. ताई मात्र शुद्धीवर आली तेव्हा म्हणाली, "लाईट लावा ना." खिडकीतून ऊन तिच्या अंगावर पडलं होतं. डॉक्टरांनी सांगितलं, नजर बहुतेक परत येईल. त्या 'बहुतेक'वर आम्ही दिवस काढले. बीबीहून आलेले भाऊजी कॉटच्या पायथ्याशी बसून राहायचे.

मग एका सकाळी ताईनं विचारलं, "थे खिडकीपाशी कोण उभं हाय?" तिथं फक्त सलाईनचा स्टँड होता. पण तिला काहीतरी दिसत होतं. माय रडायला लागली.

हळूहळू माणसं ओळखू आली. बाळ पेटीतून बाहेर आलं तेव्हा नर्सनं ते ताईच्या कुशीत ठेवलं. ताईनं बराच वेळ त्याच्याकडं पाहिलं.

"हे कोणाचं लेकरू?"

माहेरी आल्यापासूनचं तिला काहीच आठवत नव्हतं, बाळंतपणही नाही.

"तुहं हाय, बाई," माय म्हणाली.

ताईनं पोटावर हात नेला. टाके हाताला लागले तेव्हा तिचा विश्वास बसला. तिनं लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेलं ते लेकरू उचललं, आणि कोणी घेऊन जाईल की काय, असं छातीशी घट्ट धरलं.